स्टार लागेल का, की आता घरी यावं?

(माजी आणि सेवेतल्या जवानांच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तर देणारे लेखक पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : साहेब, नमस्कार. मी पायदळात हवालदार आहे. नोकरी 22 वर्षं 4 महिने झाली. मेडिकल शेप-वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, प्रमोशन केडर (बढतीचा कोर्स) पास, रेड एंट्री म्हणजे शिक्षेची नोंद एकही नाही. तरी नायब सुभेदाराच्या यादीत माझ्यापुढे तिघं आहेत आणि 24 वर्षांना माझी मुदत संपते. दिवाळीला सुट्टीवर आलो तर वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात चालत नाही. बायको एकटी सगळं बघते, मुलगी दहावीला आहे. मेव्हण्याने जवळच्या साखर कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षकाची जागा बघून ठेवलीय, 22 हजार पगार, पण दोन महिन्यांत हजर व्हायला सांगतात. बेसिक 41,600 आहे, वेतनवाढ दर जानेवारीला. स्टार, म्हणजे नायब सुभेदाराची बढती, लागणारच नसेल तर आत्ताच अर्ज करून घरी यावं असं वाटतं. गावात माझ्या मागून भरती झालेला एकजण दुसऱ्या पलटणीत नायब सुभेदार झाला, त्याचंही मनाला लागतं. काय करू?
– एक हवालदार, सातारा जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि 2016 सालचा मीच डोळ्यांपुढे उभा राहिलो. तेव्हा मीही हवालदार होतो, 23 वर्षं झाली होती, पुढे दोघं होते. म्हणून आधी सांगतो ते स्पष्ट सांगतो : आत्ता अर्ज करू नका. 24 वर्षं पूर्ण करा. त्यापुढे दोन वर्षं राहायचं की नाही हा प्रश्न वेगळा, त्याकडे नंतर येऊ.

तुम्ही पगार लिहिलाय म्हणून हिशेब मांडतो. वर्गीकरण भत्ता वगैरे बाजूला ठेवू. आज निघालात तर बेसिक 41,600 अधिक मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, त्याचे निम्मे म्हणजे 23,400 पेन्शन. पुढच्या 20 महिन्यांत दोन जानेवारी येतात. पहिल्या जानेवारीला 42,800, दुसऱ्या जानेवारीला 44,100. आणि 24 वर्षं पूर्ण झाली की तिसरं एमएसीपी, म्हणजे बढती नसली तरी ठरावीक सेवेनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी. आपल्याकडे ते 8, 16 आणि 24 वर्षांना मिळतं. तुम्ही नाईक झालात, हवालदार झालात, त्या दोन पायऱ्या धरल्या गेल्या. तिसरी पायरी म्हणजे नायब सुभेदाराची वेतनश्रेणी, लेव्हल 6. स्टार लागो न लागो, पगार त्या श्रेणीत जातो. 44,100 वर एक वेतनवाढ धरली की 45,400, आणि लेव्हल 6 मध्ये त्याच्या वरचा आकडा 46,200. त्यावर पेन्शन बसते 25,700. महिन्याला 2,300 चा फरक, त्यावर महागाई भत्ता, आणि हे तुमच्या हयातीभर. पुढे वहिनींची कौटुंबिक पेन्शनही तुमच्या याच शेवटच्या पगारावरून निघते.

याहून मोठी गोष्ट वन रँक वन पेन्शनची (ओआरओपी), म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन, आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा ठरते. 7 नोव्हेंबर 2015 च्या अधिसूचनेत सरकारने लिहिलंय की इथून पुढे जो स्वतःच्या अर्जावर मुदतीआधी बाहेर पडेल त्याला ओआरओपी लागू नाही. माझ्याबरोबर भरती झालेला एक जिवाभावाचा दोस्त 2016 मध्ये असाच निघाला. कंपनीतल्या त्याच्यापेक्षा ज्युनियरचं नाव बढतीच्या आदेशात आलं आणि त्या रात्री याने बॅरेकमध्ये बसून अर्ज लिहिला. मी शेजारच्या खाटेवर होतो. त्याच्या हातातला पेन काढून घ्यायला हवा होता, नाही घेतला. 24 ला त्याचे अकरा महिने राहिले होते. एमएसीपी गेलं, आणि 2019 ला पेन्शन पुन्हा ठरली तेव्हा त्याला काही नाही, 2024 ला ठरली तेव्हाही नाही. दर वेळी बँकेतून पासबुक भरून तो माझ्याकडे येतो आणि माझ्या कागदाशेजारी ठेवतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

तुम्ही 24 ला मुदतवाढ नको म्हणून लेखी दिलंत तर ते मुदत पूर्ण करून जाणं होतं, स्वतःच्या अर्जावर जाणं नव्हे. तरी डिस्चार्ज कोणत्या कलमाखाली दाखवतात ते हेडक्लार्ककडून वाचून घ्या आणि सही त्यानंतरच करा. डिस्चार्ज बुकात तो एक ओळीचा शेरा असतो, पण पुढची सगळी वर्षं तोच बोलतो.

आता स्टारचं. ‘पुढे तिघं आहेत’ एवढ्यावर काही ठरत नाही. मी काय केलं ते सांगतो. एका रविवारी हेडक्लार्क साहेबांना विनंती करून सीनियॉरिटी रोल मागितला. वहीचं एक पान आडवं धरलं आणि पलटणीतल्या प्रत्येक जेसीओचं (नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर) नाव पेन्सिलीने लिहून त्यापुढे त्याची जायची तारीख टाकली. नायब सुभेदाराची मुदत 26 वर्षं, वाढ मिळाली तर 28. सुभेदाराची 28, वाढून 30. शिवाय दोघांनाही वयाची अट आहे, ती आधी लागली तर माणूस आधी जातो. पायदळात जनरल ड्यूटीची बढती पलटणीच्या जागांवर चालते. एक सुभेदार गेला की एक नायब सुभेदार वर सरकतो आणि खाली एक जागा हवालदाराला मिळते. अशी साखळी असते ती. सुभेदार मेजराच्या जाण्याचं मात्र धरून चालू नका, त्या खुर्चीवर कधी बाहेरच्या पलटणीतला साहेब येतो आणि साखळी आपल्यापर्यंत पोचतच नाही.

मग माझ्यापुढच्या दोघांची नावं घेतली. त्यातल्या एकाची मेडिकल कॅटेगरी उतरली होती, ती वर्षभरात सुधारली नसती तर त्याचा नंबर थांबणार होता. तशी दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली आशा लावावी लागते, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पण हिशेबात ते धरावंच लागतं. पान भरून झालं तेव्हा दिसलं की माझ्या मुदतीत नक्की निघणाऱ्या जागा तीन. मी तिसरा. मुदतीला चार महिने राहिले असताना स्टार लागला.

तुमच्या पानावर काय निघेल ते तुम्हीच बघा. हवालदाराला 24 नंतर स्क्रीनिंग होऊन दोन वर्षांची वाढ मिळते, म्हणजे 26 पर्यंत. तुम्ही शेप-वन आहात, रेड एंट्री नाही, अहवाल चांगले असतील तर वाढ मिळायला हरकत दिसत नाही. त्यामुळे जागा मोजताना 20 महिने नव्हे, जवळजवळ 44 महिने धरून मोजा. त्या काळात नक्की निघणाऱ्या जागा चार किंवा जास्त असतील तर वाढ घ्या. तीन निघत असतील तर पुढच्या तिघांपैकी कोणी गळतो का यावर आहे, तेव्हा घरची परिस्थिती बघून ठरवा. दोन किंवा कमी असतील तर स्टारसाठी म्हणून थांबू नका.

आणि एक ध्यानात असू द्या. एमएसीपीने लेव्हल 6 आधीच मिळालेली असेल तर नंतर खरी बढती आली तरी त्या वेळी पगार पुन्हा वाढवून बसवत नाहीत. बढतीने मिळतो तो हुद्दा, त्या हुद्द्याची ओआरओपी आणि पुढची वर्षं. ते कमी नाही. पहिल्यांदा खांद्यावर स्टार लावून मेसमध्ये पाऊल टाकलं तो दिवस मी विसरणार नाही. पण ‘पगारासाठी स्टार हवा’ असं मनात असेल तर ते काढून टाका.

हवालदार म्हणून जरी आलात तरी अनेक हवालदारांना निवृत्तीला मानद नायब सुभेदार हुद्दा मिळतो आणि त्याचा पेन्शनमध्येही फायदा आहे. त्यासाठीही सेवा नीट पूर्ण केलेली लागते. गावात दुसऱ्याला स्टार लागला याचं तुम्हाला वाईट वाटतं हे मी समजतो. पण त्याची पलटण वेगळी, तिथल्या जागा वेगळ्या. पुढे आधी कोण निवृत्त झालं यावर तुमची आणि त्याची तारीख ठरली. त्यात तुमच्या नोकरीत काही खोट नाही. तुमच्यासारखा बावीस वर्षं एक डाग न लागू देणारा हवालदार कंपनीचा कणा असतो, हे मी जेसीओ म्हणून सांगतो.

वडिलांचं मात्र थांबणार नाही आणि खरं तर तुमच्या पत्रात मला तेच सर्वांत जड वाटलं. अर्धांगात पहिले काही महिने व्यायाम जितका नियमित होईल तितका हात सुधारतो. त्यामुळे आज करायचं ते आज करा. कंपनी कमांडर साहेबांना भेटा, वडिलांचे डॉक्टरी कागद घेऊन जा, आणि घरच्या अडचणीवर जवळच्या पोस्टिंगसाठी लेखी अर्ज द्या. एनसीसी बटालियनला पीआय स्टाफ, म्हणजे कॅडेटना शिकवणारे प्रशिक्षक, म्हणून हवालदार लागतात. साताऱ्यात नाही तर पुण्यात, कोल्हापुरात जागा असू शकते. शनिवारी रात्री घरी पोचता येईल असं ठिकाण मिळालं तर तुमच्या निम्म्या चिंता हलक्या होतील. अर्ज करायला लाज वाटू देऊ नका, मी वाटू दिली होती. माझी आई गेली तेव्हा मी उंचावरच्या पोस्टवर होतो आणि घरच्यांनी दोन महिने तिचं दुखणं माझ्यापासून लपवलं होतं. जवळची पोस्टिंग मागितली असती तर मिळाली असती असं नंतर आमच्या साहेबांनीच मला सांगितलं.

दरम्यान 60 दिवसांची वार्षिक सुट्टी एकदम न घेता दोन भागांत मागा, एक भाग मुलीच्या परीक्षेच्या वेळी. वडिलांचं नाव तुमच्या आश्रितांत नोंदलेलं आहे का हे पार्ट-टू ऑर्डर (जवानाच्या कुटुंबाची वगैरे नोंद होते तो कार्यालयीन आदेश) काढून बघा. नसेल तर आत्ताच नोंदवा. लष्करी रुग्णालयात उपचार मिळायला आणि पुढे ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डला तीच नोंद लागते. ऐनवेळी ती नसल्यामुळे अडलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत.

कारखान्याच्या जागेबद्दल फार जीव टांगू नका. ती कारखान्याची कायम नोकरी की ठेकेदाराची, आणि ड्यूटी आठ तासांची की बारा, हे मेव्हण्याला विचारायला सांगा. तुम्ही 24 ला बाहेर आलात तरी राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला लष्कराकडून पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळतं, ते काढून ठेवा. डीजीआरचे (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी महासंचालनालय) निवृत्तीपूर्व कोर्स आपल्याला मोफत असतात, नाव आत्ताच द्या, शेवटच्या वर्षी गर्दी असते. आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वहिनींना एकदा जाऊन यायला सांगा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि वसतिगृहाची माहिती तिथेच मिळेल.

पान भरून झालं, नावं आणि तारखा टाकून झाल्या, की नावं खोडून नुसत्या तारखा मला या पत्त्यावर पाठवा. मी बसून मोजतो आणि उलट टपाली कळवतो.