टंच मशीनवर पहिल्यांदा बसताना

सोलापूरच्या सराफ बाजारात टंच मशीनवर, म्हणजे सोन्याची शुद्धता (टंच) मोजणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर बसतोयस, छान! क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू स्वतःच्या ठराविक ऊर्जेचे किरण परत सोडतो. इंग्रज शास्त्रज्ञ मोस्लेने १९१३ मध्ये हीच ओळख पक्की केली. बाकीचं नंतर शीक.

- मशीन वरचा काही मायक्रॉनचा थरच वाचतं. नवी मुलं इथेच फसतात. जाड मुलाम्याची बांगडीसुद्धा ९१६ (म्हणजे २२ कॅरेट) दाखवू शकते. शंका आली तर मालकाला विचारून जरा घासून पुन्हा मोज.
- डाग दिलेला (झाळलेला) सांधा टाळून तीन ठिकाणी बघ.
- रोज सकाळी ठाऊक टंचाचा नमुना आधी लाव.
- झाकण उघडलं की किरण बंद करणारा स्विच कधीच बांधून ठेवू नकोस.

आणि बोरमाळ आली तर आतली लाख विसरू नकोस, टंच बरोबर आला तरी वजन चुकतं.