तेलाची रिग सोडून पणजीत गटारसफाईच्या नोकरीकडे येतोयस, तर

अरे, आधी खिशाचं बघ. रिगवरचा भत्ता इथे नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, मगच राजीनामा दे. गोव्यात सरकारी नोकरीच्या अर्जाला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणी लागते. दाखला आत्ताच काढ. कंत्राटी आणि कायम यातला फरक जाहिरातीत नीट वाच. मी वाचला नव्हता!

काम तुला जमेल. नवी माणसं चुकतात ती इथे:

- उपसलेला गाळ काठावरच ठेवतात. पहिल्या सरीत तो परत गटारात.
- पणजीत पाणी तुंबलं की लगेच बांबू घालतात. आधी भरतीची वेळ बघ. मांडवी चढलेली असेल तर सांतिनेजच्या नाल्याचं पाणी जाणार कुठे? ओहोटीपर्यंत थांबावं लागतं.
- चेंबर उघडून सरळ आत उतरतात. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस तुला रिगवरून ठाऊक आहे, इथेही तोच. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. मुकादम घाई करू दे, तू उतरू नकोस.

गमबूट स्वतःचे घे. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नकोस, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो. पंप, जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याने गटार मोकळं करणारं) पुढच्या वर्षी शिकशील. मे महिन्यात मात्र रजा मागू नकोस, पावसाआधीची सफाई तेव्हाच असते.