सिलिकॉनचे स्वरतंतू करायचे, तर शाखा कोणती?

प्रश्न: मुलगी बारावी विज्ञानला आहे. गणित-जीवशास्त्र दोन्ही घेतलंय, गाणंही शिकते. सिलिकॉनचे स्वरतंतू करून त्यांतून हवा सोडतात नि आवाजाचा अभ्यास करतात, हे पाहिल्यापासून तेच करायचं म्हणते. हे खूळ तर नाही ना?
– एक आई, मुलुंड

उत्तर: खूळ मुळीच नाही. पण या कामाचा गाण्याशी संबंध कमी, साचे ओतण्याशी जास्त.

जिवंत माणसाच्या घशात हवे तिथे सेन्सर लावता येत नाहीत, म्हणून प्रतिकृती. तीत जाडी, ताण, फट यांपैकी एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येतात. मऊ सिलिकॉन दोन द्रवांचं येतं, अ आणि ब; ते एकत्र केले की घट्ट होतं. दोन्ही सारखे घेतात. तंतू थराथरांनी ओततात: आतल्या थरात तेवढंच थिनर (मिश्रण पातळ करून मऊपणा आणणारं द्रव्य), तर सर्वांत मऊ वरच्या थरात आठ पटींपर्यंत. मिश्रणातले बुडबुडे निर्वात पंपाने काढले नाहीत, तर डावा-उजवा तंतू सारखे होत नाहीत आणि कंपनं वाकडी होतात. लेटेक्सचे हातमोजे घातले तर त्यातल्या गंधकामुळे हे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट राहतं; म्हणून विनाइलचे घालायचे. आत लांबीच्या दिशेने बारीक धागा नसेल तर हवेच्या दाबाने तंतू वरच फुगतो. दिवसचे दिवस यातच जातात.

म्हणून माझा कौल मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. पुढे गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत बायोमेडिकलचं एम.टेक. करता येतं. तिला यंत्रापेक्षा आवाज बसलेल्या शिक्षिकेत जास्त रस असेल, तर बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी: इंटर्नशिप धरून चार वर्षं, वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत किंवा नायर रुग्णालयात. पोटापाण्याच्या दृष्टीने हा रस्ता जास्त सरळ, हेही सांगून ठेवते. मात्र तिथे साचे नाहीत, रुग्ण आहेत.

कोणता कल खरा, ते घरीच कळेल. इंचभर पीव्हीसी पाइपच्या तोंडावर फुग्याच्या रबराच्या दोन पट्ट्या ताणून बांधा, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट ठेवा. पाइपला टी आकाराचा जोड लावून त्याला पारदर्शक नळीचा यू लावा, त्यात रंगीत पाणी भरा. यूच्या भुजा अर्धा मीटर तरी हव्यात, नाहीतर जोराने फुंकल्यावर पाणी थेट भिंतीवर. मग हळूहळू फुंकून आवाज कोणत्या दाबाला सुरू होतो ते दोन्ही पातळ्यांतल्या फरकावरून मोजायचं. माणूस साधं बोलताना हा दाब 5 ते 10 सेंमी पाण्याइतका असतो. रबराला जास्त लागला तर नवल नाही. नुसताच फुसकारा आला तर फट मोठी आहे. आवाज फोनवर टिपून प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वारंवारता बघा, पट्ट्या थोड्या जास्त ताणा, पुन्हा मोजा. अशा पाच-सहा ताणांचा तक्ता ती न कंटाळता पुरा करते का, ते पाहा आणि मगच प्रवेशाचे पर्याय भरा.