गाठ ‘पसरते’ म्हणजे नेमकं काय करते?

प्रश्न असा आला आहे: एका माहितीपत्रकात ‘मेंदूतल्या गाठी सहसा पसरत नाहीत’ असं वाक्य आहे आणि त्याच पानावर खाली ‘ही गाठ मेंदूच्या इतर भागांत पसरते’ असंही छापलं आहे. यातलं खरं कुठलं? आणि ‘मेटास्टॅसिस’ला (कॅन्सर दुसऱ्या अवयवात जाऊन वाढण्याला) मराठीत ‘पसरणे’ म्हटलेलं चालेल का?

दोन्ही वाक्यं खरी आहेत. घोळ ‘पसरणे’ या क्रियापदाचा आहे. मराठीत तेल पसरतं, अफवा पसरते, साथही पसरते. शेजारची जागा व्यापत जाणं आणि लांब कुठेतरी नव्याने उगवणं, दोन्ही आपण याच एका शब्दात भागवतो. वैद्यकाला ते परवडत नाही. पहिल्या वाक्यातलं ‘पसरत नाहीत’ म्हणजे मेंदूत जन्मलेली गाठ फुप्फुसात, यकृतात किंवा हाडांत जाऊन नवी गाठ क्वचितच करते. दुसऱ्यातलं ‘पसरते’ हे मेंदूच्या आतल्या आत.

आणि आतल्या आतही सगळ्या गाठी एकसारख्या वागत नाहीत. मेनिंजिओमा मेंदूभोवतीच्या आवरणात उगवतो आणि बहुतेक वेळा मेंदूला बाहेरून दाबत, रेटत मोठा होतो. तो ‘पसरला’ म्हणणं चूक. ‘वाढला’ एवढं पुरे.

खरी अडचण ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या जातीच्या गाठीची, त्यातही तिच्या सर्वांत आक्रमक प्रकाराची, ग्लायोब्लास्टोमाची. त्याच्या पेशी गाठीपासून सुट्या होतात आणि निरोगी मेंदूतून सरपटत पुढे जातात. कुठूनही नाही, ठरावीक वाटांनी: रक्तवाहिन्यांच्या कडेने, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पातळ आवरणाखालून आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या द्रव्यातल्या मज्जातंतूंच्या जुडग्यांवरून. हान्स योआखिम शेरर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच या वाटांचं वर्णन करून ठेवलं होतं. मेंदूच्या उजव्या-डाव्या अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा ही त्यांतली हमरस्त्यासारखी वाट. ती ओलांडून गाठ दोन्ही बाजूंना वाढली की स्कॅनवर पंख उघडल्यासारखा आकार दिसतो, म्हणून डॉक्टर तिला ‘बटरफ्लाय ग्लायोमा’ म्हणतात. वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२८ मध्ये ग्लायोमाच्या काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही आजार परतला.

या चालीला मराठीत काय म्हणावं? ‘झिरपणे’ कानाला गोड लागतं, पण पाणी झिरपतं ते आपसूक, उतार आणि फट मिळाली म्हणून. ही पेशी स्वतः हलते, आकार बदलते, वाटेतला पेशींमधला मालमसाला विरघळवते. ‘घुसखोरी’ हल्ली बरेचदा वाचायला मिळतं, ते मला खटकतं. घुसखोर बाहेरचा असतो. ग्लायोमाच्या पेशी मेंदूच्याच पेशींपासून निपजलेल्या असतात. शिवाय रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर सीमेवरच्या चकमकीची भाषा कशाला? ‘शिरकाव’ हा साधा, जुना शब्द बरोबर बसतो. ‘गाठीच्या पेशींचा आजूबाजूच्या मेंदूत शिरकाव झाला आहे’ हे कुणालाही कळतं, आणि गाठीची कड धूसर का असते तेही त्यातून उलगडतं. स्कॅनवर दिसते ती कड खरी कड नसते, तिच्यापलीकडेही पेशी असतात. उपचारांनंतर ग्लायोब्लास्टोमा परततो तेव्हा बहुतेकदा जुन्या जागेपासून दोनेक सेंटिमीटरच्या आतच परततो, तो याच शिल्लक पेशींमुळे.

लोक मात्र म्हणतात, ‘मुळं राहिली.’ माझा आधी याला आक्षेप असता, कारण मूळ झाडाला जोडलेलं असतं आणि या पेशी सुट्या फिरतात. पण २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या मानवी ग्लायोमा-पेशींत लांब, बारीक नळ्यांसारखे धागे दाखवले. ते पुढे सरकतात, पेशींना एकमेकींशी जोडतात आणि जोडलेल्या पेशी उपचारांना जास्त दाद देत नाहीत. तेव्हा बोलीतलं ‘मूळ’ अगदीच टाकाऊ नाही.

तिसरी तऱ्हा पाण्यातून जाण्याची. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जो द्रव खेळतो, ज्याला शास्त्रीय मराठीत मस्तिष्कमेरुद्रव आणि बोलताना ‘मणक्यातलं पाणी’ म्हणतात, त्यात पेशी सुटल्या तर त्या लांब जाऊन, अगदी पाठीच्या कण्यातही, रुजतात. लहान मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या मागच्या भागातल्या गाठीत हा धोका मोठा, म्हणूनच त्यात पाठीचा एमआरआय करतात, ते पाणी तपासतात आणि थोड्या मोठ्या मुलांना बहुधा मेंदूबरोबर कण्यालाही रेडिएशन देतात. इथे ‘वाहून जाऊन रुजणे’ म्हणावं, ‘शिरकाव’ नको.

आता ‘मेटास्टॅसिस’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा बदलणे. कॅन्सरच्या संदर्भात तो फ्रेंच वैद्य रेकामिये यांनी १८२९ मध्ये वापरला. त्याचं ‘स्थलांतर’ करणं शब्दाला धरून असलं तरी आजाराला धरून नाही, कारण स्थलांतर करणारा मागची जागा सोडतो आणि कॅन्सर ती सोडेलच असं नाही. नाम हवं तर ‘मेटास्टॅसिस’च राहू द्यावं. वाक्यात मात्र ‘दुसऱ्या अवयवात जाऊन रुजणे’ लिहावं. (सुश्रुतसंहितेत आधीच्या अर्बुदावर, म्हणजे गाठीवर, उगवणारं ‘अध्यर्बुद’ आणि जोडीने किंवा एकामागून एक होणारं ‘द्विरर्बुद’ असे शब्द आहेत. सुंदर आहेत, पण ते मेटास्टॅसिसचे पर्याय म्हणून खपवू नयेत. तिथे पेशींच्या प्रवासाची कल्पना नाही.)

विभक्तीकडेही लक्ष द्यावं लागतं. ‘मेंदूचा कॅन्सर’ म्हणजे मेंदूतच जन्मलेला. फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा त्वचेचा (मेलानोमा) कॅन्सर रक्तातून मेंदूत पोचतो तेव्हा तो ‘मेंदूत गेलेला फुप्फुसाचा कॅन्सर’ असतो. प्रौढांमध्ये अशा बाहेरून आलेल्या गाठी मेंदूत जन्मलेल्या कॅन्सरपेक्षा जास्त आढळतात, आणि उपचार ठरवताना त्या मूळ कुठल्या अवयवाच्या हे आधी पाहिलं जातं. ‘चा’ आणि ‘त’ची अदलाबदल इथे करून चालत नाही.

तुमच्या माहितीपत्रकातली वाक्यं मी अशी बदलेन: ‘मेंदूत सुरू झालेली गाठ शरीराच्या दुसऱ्या अवयवात क्वचितच रुजते. पण काही प्रकारांत तिच्या पेशी आसपासच्या मेंदूत शिरतात, आणि काही प्रकारांत मणक्यातल्या पाण्यातून दूर जाऊन रुजतात.’