लॉगिन होतं, पण फाइलींची यादी येत नाही

तुम्ही लिहिलंय की लिनक्सवरच्या व्हीएसएफटीपीडीला (फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या एफटीपी सर्व्हरला) बाहेरून जोडलं की पासवर्ड स्वीकारला जातो, पण एलएस (यादी मागणारी आज्ञा) दिलं की सगळं थिजतं. ऑफिसात मात्र नीट चालतं, आणि टीएलएस (जोडणीवरचं बोलणं गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन) चालू केल्यापासूनच हे सुरू झालंय. अगदी हेच मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. सर्व्हिस चालू आहे का, परवानग्या बरोबर आहेत का, हे तुम्ही पाहिलंच असणार.

एफटीपीत आज्ञा २१ या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) जातात, पण यादी आणि फाइली दुसऱ्या जोडणीने येतात. एलएफटीपी या एफटीपी प्रोग्रॅममध्ये डीबग (सर्व्हरशी चाललेलं बोलणं दाखवणारी सोय) चालू करा आणि २२७ ने सुरू होणारी ओळ शोधा; ही दुसरी जोडणी कुठे करायची ते सर्व्हर तिच्यात सांगतो. माझ्याकडे कंसात १९२,१६८,१,५,१९५,८० असे आकडे होते. पहिले चार म्हणजे पत्ता. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट, इथे ५००००. म्हणजे सर्व्हर बाहेरच्या माणसाला ऑफिसातला खासगी पत्ता देत होता! (२२९ ची ओळ आली तर तिच्यात फक्त पोर्ट असतो.)

मग आधी कसं चालत होतं? साध्या एफटीपीत बरेच राउटर २१ वरचं बोलणं वाचतात, पत्ता बदलतात आणि लागेल तो पोर्ट तेवढ्यापुरता उघडतात. टीएलएसमुळे ते बोलणं त्यांना वाचताच येत नाही.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा एकच उत्तर: "२१ उघडा आहे, आमच्याकडून सगळं ठीक." आणि तक्रार बंद. यादी का अडकते, हे एकदाही कुणी विचारलं नाही. आजही राग येतो. मी टीएलएसच्या सर्टिफिकेटलाच दोषी धरलं, चार दिवस ते पुन्हापुन्हा बनवलं आणि शेवटी टीएलएसच बंद करून टाकलं. तीन आठवडे ग्राहकांची बिलं आणि पासवर्ड उघडे जात राहिले. नंतर सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, प्रत्येकाला फोन करून कारण सांगितलं. कृपया हे करू नका.

उपाय तसा छोटा आहे. व्हीएसएफटीपीडीच्या सेटिंगमध्ये पॅसिव्ह पोर्टांची (त्या दुसऱ्या जोडणीसाठीच्या पोर्टांची) मर्यादा ठरवा, उदाहरणार्थ ५०००० ते ५००५०. तेवढेच पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा, राउटरवर फॉरवर्ड करा (म्हणजे सर्व्हरकडे वळवा), आणि पॅसिव्ह पत्ता म्हणून बाहेरचा आयपी द्या. त्यानंतर आमच्या ऑफिसातल्या मशीन अडकल्या, कारण त्यांनाही बाहेरचाच पत्ता मिळू लागला आणि आमचा राउटर तो आत वळवत नव्हता. त्यांच्यासाठी मी वेगळी सोय केली. तुमचा राउटर वेगळा वागू शकतो. मी नेटवर्कचा तज्ज्ञ नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर एफटीपी सोडा. १९८५ च्या आरएफसी ९५९ (एफटीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज) मधली ही दोन जोडण्यांची पद्धत आजच्या राउटरांमागे सतत त्रास देते. एसएफटीपीला (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवण्याची वेगळी पद्धत) २२ हा एकच पोर्ट पुरतो. फक्त तिथे "रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग" असं दिसलं, तर सर्व्हरवरच्या बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणारी फाइल) एखादा एको (मजकूर छापणारी आज्ञा) आहे का ते आधी बघा.

ती २२७ ची ओळ इथे टाका, पण बाहेरचा आयपी झाकून.