टार्टचे कवच मऊ का पडते?

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी मी हापूसचे टार्ट केले, परंतु भाजताना कडा घसरल्या आणि तासाभरातच कवच मऊ पडले. काय चुकले असावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : कडा घसरल्या त्या बहुधा लोणी आधीच सैल झाल्यामुळे, मे महिन्यातल्या मुंबईत ते ओट्यावर ठेवताक्षणी पाघळते. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंडगार लोणी रवाळ होईपर्यंत चोळावे, दोन-तीन चमचे बर्फाच्या पाण्याने गोळा जेमतेम जमवावा (पुरणपोळीच्या कणकेसारखा तिंबण्याचा मोह टाळावा) आणि लाटून साच्यात बसवल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. मग त्यावर बेकिंगचा कागद पसरून, कोरडा राजमा भरून १८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे आणि राजमा काढून तळ बदामी होईपर्यंत आणखी दहाएक मिनिटे भाजावे.

मऊपणाला हवेइतकाच आंब्याचा रसही जबाबदार आहे. गार कवचाला आतून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात दिल्यास त्यातील स्निग्धांश ओलावा अडवतो. तरीही फोडी पाहुणे आल्यावरच मांडाव्यात. तेवढी सवड नसेल, तर काचेच्या ग्लासांत बिस्किटांचा चुरा, गोड चक्का आणि आटवलेला आमरस यांचे थर आदल्या रात्रीच लावावेत. तिथे चुरा थोडा मऊ पडलेलाच अधिक चांगला लागतो.