पामची बाग आणि ककणेराची ढोली

प्रश्न : सर, आमचं बाळीवेशीत फरसाणाचं छोटं दुकान आहे. आठवड्याला पामतेलाचे चार डबे लागतात. धाकटी लेक कॉलेजला जाते, ती म्हणते, "आपल्या शेवेपायी ओरांगउटान वानरं मरतात." आमच्या ह्यांचं म्हणणं, पामसुद्धा झाडच की. जंगल काढून झाडंच लावली, तर जनावरांचं काय बिघडलं? खरं कोणाचं?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, लेकीचं बरंचसं खरं आहे. पण तुमच्या ह्यांची शंकाही सोलापूरकराला येणारच. चार कडुलिंब एकत्र दिसले की आपण त्याला गर्द झाडी म्हणतो.

बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवूनही मला हा फरक नीट कळला तो दोडामार्गात, एका जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा. घरामागे रबराची बाग, ओढ्यापलीकडे जंगल. जानेवारीत सकाळी सातला बागेत उभा राहिलो. सगळी झाडं एका उंचीची, एका जाडीची, कवायतीला उभी केल्यासारखी. प्रत्येक खोडावर तिरकी चीर, खाली चिकाची वाटी. पायाखाली पाचोळा कुरकुरत होता, आवाज काय तो तेवढाच. ओढा ओलांडला आणि मान वरच राहिली. बेहड्यावर वेली, वेलींवर शेवाळ, खाली कुजका ओंडका, त्यावर अळंबी. तेवढ्यात डोक्यावरून फस् फस् पंख वाजवत ककणेर गेला.

ककणेर म्हणजे धनेश. याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं, फळांच्या चोथ्यानं दार लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट उरते. नर कित्येक आठवडे वड-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवतो. आता हिशोब करा. एवढी मोठी ढोली व्हायला झाडाचं वय लागतं. रबर काय, पाम काय, पंचवीस-तीस वर्षांत उत्पन्न घटलं की काढून नवी लावण होते. बागेतलं झाड म्हातारंच होत नाही. आणि मधल्या जागेत उंबर कोण ठेवील?

आग्नेय आशियातल्या बोर्निओ-सुमात्रा बेटांवर जंगल काढून पाम लावणं फार मोठ्या पट्ट्यावर झालं. पाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. मलेशियात फळ नीट धरेना, म्हणून परागीभवनासाठी भुंगाही १९८१ मध्ये कॅमेरूनहून आणून सोडला. तिथल्या अभ्यासांत जंगलातल्या पक्ष्यांच्या साधारण तीन-चतुर्थांश जाती पामच्या बागेत सापडल्या नाहीत. उरतात कोण? उंदीर, रानडुकरं, त्यांच्या मागावर साप. उंदीर इतके होतात, की मालक गव्हाणी घुबडांसाठी पेट्या टांगतात. ओरांगउटानाला मात्र रोज रात्री फांद्या वाकवून अंथरूण करायचं असतं, आणि मादीला सात-आठ वर्षांनी एक पोर होतं. सुमात्रातली तापानुली ही त्याची जात २०१७ मध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली, तेव्हाच ती आठशेच्या आत होती.

(उलटंही घडतं हं. नान्नजच्या माळावर दाट झाडं लावून माळढोक सुखावत नाही. त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. हेही आपल्याकडे पटवून द्यावं लागतं.)

मग पामतेल बंद करायचं का? मला तरी तसं वाटत नाही. हेक्टरी पामचं तेल तीन-चार टन निघतं, सोयाबीनचं अर्ध्या टनाच्या आसपास. सगळे सोयाबीनकडे वळले तर जमीन कितीतरी जास्त लागेल. बाग कुठे लावली, भांडण ते आहे. आंध्रात गोदावरीच्या बाजूला सिंचनाच्या शेतात पाम आहे, ते एक. मिझोरामच्या डोंगरात जंगलाच्या जागी लावला, ते निराळं. केंद्राच्या २०२१ च्या पामतेल अभियानाचा भर ईशान्य भारतावर आणि अंदमानावर आहे, त्याची मला खरी काळजी वाटते.

शेव शेंगदाणा तेलात तळणं गल्ल्याला झेपतं का, ते तुम्हीच जाणा. पुढचे डबे घेताना तेल कुठल्या बागेचं, एवढं व्यापाऱ्याला विचारून पाहा. मी विचारलं होतं. म्हणाला, "सर, डब्याला सातबारा नसतो."